हात वर, तोंड बंद

माझ्या मुलाच्या पाठीवर जो पट्टा पडत होता तो मीच कापून दिला होता. आणि त्याबद्दल मी ज्या पोराच्या कानफटात मारली, त्याने तो पट्टा कधी मागितलाही नव्हता. या दोन पराक्रमांमुळे माझी आणि सगुणाबाईची ओळख झाली.

तशी ती मला सहा वर्षं रोज दिसत होती. अकोल्याच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी हजेरी आणि कोठी सांभाळणारा कारकून होतो. रेच्यावर, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस लावणाऱ्या चाळीस बायकांमधली ती एक. पण हजेरीच्या कारकुनाला माणूस दिसत नाही, नाव दिसतं. 'सगुणा, रेचा नंबर अकरा' एवढीच ती मला ठाऊक होती. आणखी एक ठाऊक होतं, की तिच्यासमोर ओठातल्या ओठात शिवी द्यायची सोय नाही. चाळीस रेचे एका वेळी खडखडत असले की शेजारणीच्या कानात ओरडलं तरी ऐकू जात नाही, म्हणून जिनिंगमधल्या बायका हातांनी बोलतात आणि ओठ वाचतात. सगुणाबाई तर तीस हात लांबून ओठ वाचायची. एकदा तिला उशीर झाला म्हणून मी टेबलामागे 'आली म्हैस डुलत डुलत' असं पुटपुटलो. दुपारच्या सुट्टीत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बाबूजी, म्हैस कशी बोलते आयकाचं हाये का?" इतक्या मोठ्यांदा, की फाटकावरचा गुरखा आत डोकावला. गोंगाटात आयुष्य गेलेलं. हळू बोलणं तिला येतच नव्हतं. तिचं कुजबुजणंसुद्धा तिसऱ्या घरी ऐकू जायचं.

त्या बायकांचा एक कायदा होता. रेच्यात कुणाचा पदर अडकला, बोट सापडलं, तर ओरडून उपयोग नसतो. तेव्हा तिच्या शेजारणीने हातातला कापूस टाकायचा आणि दोन्ही हात डोक्यावर धरायचे. ते पाहून पलीकडचीने, मग तिच्या पलीकडचीने. श्वास घ्यायच्या आत चाळीस बायका हात वर करून उभ्या. रेचे रिकामे फिरू लागतात, त्यांचा आवाज बदलतो, आणि तो बदललेला आवाज इंजिनवाल्याला बरोबर कळतो. तो इंजिनचा मोठा पट्टा उतरवतो आणि सगळं थांबतं. नव्या बाईला सगुणाबाई पहिल्या दिवशी हेच शिकवायची: "हात वर, तोंड बंद. एकलीचा हात कोनाले दिसत नाई." जी हात वर करणार नाही, तिच्याजवळ दुपारी कुणी भाकरीचं फडकं सोडायचं नाही.

आता माझ्या पट्ट्याकडे येतो. छप्पनच्या बौद्ध दीक्षेनंतर एक-दोन वर्षांतला हंगाम असेल. मॅनेजरसाहेबांचा रमेश, चौदा वर्षांचा, भांग पाडलेला, कोठीत आला आणि म्हणाला, "काका, झोपाळ्यासाठी पट्ट्याचा तुकडा द्या ना." मॅनेजरचं पोरगं 'काका' म्हणालं की कारकुनाच्या पाठीचा कणा विरघळतो. मी मशीनच्या जुन्या पट्ट्यातला चांगला दीड हात तुकडा कापला. एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण चामडं मऊ राहावं म्हणून मी त्याला एरंडीचं तेल चोळून दिलं.

पंधरा दिवसांनी माझ्या बायकोने, सुमतीने, आमच्या मधूच्या पाठीवर पाणी घालताना हंबरडा फोडला. अकरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर बोटभर रुंदीचे वळ होते. काही काळे पडलेले, काही ताजे, दोन ठिकाणी कातडी फाटलेली. मी विचारलं, "कोणी मारलं?" तो गप्प. "का मार खाल्लास?" तो गप्प. मग मी बापपणाचं कर्तव्य म्हणून त्याला ठोसा कसा मारायचा ते शिकवायला घेतलं आणि पहिलाच ठोसा चौकटीवर मारून स्वतःची बोटं सोलून घेतली. मधू माझ्याकडे एका विचित्र नजरेने बघत होता. त्या नजरेचा अर्थ मला पुढे कळला, आणि कळला नसता तर बरं झालं असतं असं अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी मी हजेरीपट टाकून निघालो. शाळेच्या मागे आमच्याच जिनिंगची भिंत होती आणि भिंतीला लागून सरकीचा ढीग. पोरांचा गलका ऐकून मी भिंतीला वळसा घातला. मधू ढिगावर पालथा पडलेला, सदरा मानेपर्यंत वर केलेला. त्याच्यावर एक काळा, किडकिडीत पोरगा पट्टा उगारून उभा. मागे चार-पाच पोरं, आणि मधोमध कंबरेवर हात ठेवून रमेश. मी फक्त पट्टा पाहिला. धावत गेलो आणि उजव्या हाताने त्या किडकिडीत पोराच्या डाव्या कानावर एक ठेवून दिली. तो कोलमडला. उठायला लागला तेव्हा दुसरी. त्याने हात वर केला नाही की तोंडातून शब्द काढला नाही. कानातून रक्ताची बारीक रेघ मानेवर उतरली तेव्हा तिसऱ्यांदा उगारलेला माझा हात हवेत थांबला. रमेश म्हणाला, "बरं झालं काका तुम्ही आलात, हा रोज मारतो मधूला." रस्त्यावरचा पानवाला म्हणाला, "बेस केलं बाबूजी. दीक्षा घेतल्यापासून या लोकायची पोट्टी लय चढेल झाली." आणि मला, खोटं कशाला लिहू, घरी जाताना छाती दोन इंच रुंद झाल्यासारखं वाटलं.

दिवेलागणीला सगुणाबाई दारात उभी. बरोबर तो पोरगा, कानावर फडकं बांधलेलं. तो, सुखदेव, तिचा मुलगा होता, हे मला त्या क्षणी कळलं.

"कोनत्या हातानं मारलं?" तिने विचारलं. शेजारच्या दोन्ही घरांच्या खिडक्या उघडल्या.

मी उजवा हात जरा पुढे केला. शाळेत मास्तरासमोर करतात तसा.

"यानंच हजेरी लिवता न? आता याच हातानं माह्या पोराचा हात धरा अन् दवाखान्यात चाला."

मी धरला. अख्ख्या पेठेतून मी सुखदेवचा हात धरून चाललो होतो, मागे ती, तिच्यामागे सुमती आणि मधू. दवाखान्यात डॉक्टरांनी कान पाहिला आणि विचारलं, "कसं झालं हे?" मी म्हणालो, "पडला." सगुणाबाई बाकावरून उठली आणि चाळीस रेच्यांना पुरेल एवढ्या आवाजात म्हणाली, "पडला नाई. यायनं मारलं. दोन डाव." सगळा दवाखाना माझ्याकडे वळला. एक म्हातारा तर मला बघायला चष्मा पुसू लागला. डॉक्टर म्हणाले, पडदा फाटलाय, या कानाने आता ऐकू येईल असं वाटत नाही.

परत येताना मधू पहिल्यांदा बोलला. माझ्याशी नाही, आईशी. रमेश रोज दोन पोरं निवडायचा. आधी स्वतः मारायचा, मग पट्टा एकाच्या हातात देऊन दुसऱ्याला मारायला लावायचा. हळू मारलं तर मारणाऱ्यालाच दुप्पट. "पण सुखदेव सरकीवर मारायचा, आई. माझ्या पाठीशेजारी. आवाज व्हायचा फटकन, मला लागायचं नाही. मी नुसता ओरडायचो."

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

मधू थांबला. "रमेश म्हणाला पट्टा तुझ्या बापानंच दिलाय. तेल लावून दिलाय. तुझ्यासाठीच." मग खाली बघत म्हणाला, "मी कोठीत येऊन पाहिलं बाबा. कापलेला पट्टा तिथं होता."

मला वाटलं, आता सगुणाबाई माझ्या तोंडावर थुंकेल. ती थांबली, मधूचा सदरा वर करून दिव्याच्या खांबाखाली त्याची पाठ पाहिली आणि सुमतीला म्हणाली, "बाई, याले हळद-तेल लावजा. अन् कावून मार खाल्ला असं कदी विचारू नका. कुठी दुखते ते विचारजा. कावून इचारलं का पोराले वाटते त्याचाच गुन्हा हाये." माझ्याकडे तिने पाहिलं नाही. जाताना मात्र म्हणाली, "तिथं पाच पोरं उभी होती बाबूजी. मॅनेजरचं बी होतं. तुमचा हात बराबर माह्यावरच कसा पडला?"

याचं उत्तर मला ठाऊक होतं आणि तिलाही. ते खोडून काढायचं म्हणून दुसऱ्या दिवशी मी एकटाच मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये गेलो. रात्रभर भाषण पाठ केलं होतं. साहेब म्हणाले, "पोरं आहेत, खेळतात." मी म्हणालो, "बरोबर आहे साहेब." ते म्हणाले, "मार खाल्ल्याशिवाय पोरगं घट्ट होत नाही. आम्ही काय कमी खाल्ला?" मी म्हणालो, "बरोबर आहे साहेब." बाहेर पडताना त्यांनी विचारलं की काही काम होतं का, तर मी परवाच्या रजेची परवानगी मागून आलो. केबिनला काच होती. दुपारी सगुणाबाई भाकरीचं फडकं सोडत म्हणाली, "तीनदा म्हनले तुमी, बराबर हाये साहेब. मी मोजलं." मी म्हणालो, दोनदाच. ती म्हणाली, "दारातून निंगताना एकडाव."

माझ्या या वकिलीचा परिणाम आठवड्यात दिसला. पोरांवरचा मार दुप्पट झाला. शाळेसमोरच्या शिंप्याच्या पोराचं बोट रमेशने मागे वाकवून मोडलं, बापाला शिवणाची मशीन चालवायला मदत करायचं ते बोट. मधू शाळेला निघताना ओकायला लागला. एका सकाळी सुमतीने माझ्या हातात पोळी ठेवण्याऐवजी ताट आपटलं आणि म्हणाली, "तुमच्यापेक्षा ती सगुणाबाई बरी. ती निदान येते."

ती खरंच येत होती. संध्याकाळी कामावरून सुटली की केसांत, भुवयांत कापसाचे तंतू तसेच, आणि मार खाणाऱ्या पोरांच्या घरी जायची. अशी पाच घरं तिने शोधून काढली होती. शिंप्याच्या घरी, एका टांगेवाल्याच्या घरी. टांगेवाला चाबूक घेऊन निघालाच होता; मॅनेजरच्या पोराला फोडतो म्हणत होता. सगुणाबाईने दारात आडवी येऊन त्याला अडवलं. झटापटीत चाबकाचा फटका तिच्या दंडावर बसला. ती म्हणाली, "झालं मोकळं मन? आता खाली बस अन् आयक." बायकांजवळ ती उपदेश करत नसे. पोराची पाठ पाहायची, पाणी प्यायची आणि म्हणायची, "तुमचं एकलीचं नाई बाई. माहं बी तेच हाये." एवढं बोलायलाच ती तीन तीन मैल हिंडायची. मी एकदा विचारलं, नुसतं असं सांगून काय होणार? ती म्हणाली, "एका रेच्याचा आवाज बदलला तं इंजिनवाल्याले कळत नाई. चाळीसायचा बदलला का कळते."

शिंप्याच्या पोराच्या हाताला फळी बांधली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. सकाळचे दहा वाजलेले, रेचे पूर्ण वेगात. मी टेबलावर हजेरी मांडत होतो. अचानक आवाज बदलला. मान वर केली तर रेचा नंबर अकरावर सगुणाबाई दोन्ही हात डोक्यावर धरून उभी. तिच्या शेजारणीचे हात वर गेले, मग तिच्या, मग तिच्या. चाळीस जणींचे ऐंशी हात वर, आणि रिकामे रेचे उपाशी गुरांसारखे हंबरतायत. इंजिनवाल्याने पट्टा उतरवला. सगळं थांबलं. त्या जिनिंगमध्ये हंगामाच्या दिवसात मी इतकी शांतता कधी ऐकली नव्हती.

मॅनेजरसाहेब धावत खाली आले. "कोण अडकलं? हात गेला का कोणाचा?"

"माहं पोरगं अडकलं," सगुणाबाई म्हणाली.

"कुठं आहे पोरगं?"

"तुमच्या पोराच्या हातात. अन् या बाबूजीचं बी. अन् शिंप्याचं. जवरक ते सुटत नाई तवरक कापूस लागनार नाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. चाळीस बायकांनीही पाहिलं. मला फार इच्छा होती की छताकडे बघावं. पण माझे हात वर गेले. हे धैर्य होतं असं कुणी समजू नये. एका बाजूला एक मॅनेजर होता आणि दुसऱ्या बाजूला चाळीस बायका, ज्यांच्याबरोबर मला रोज आठ तास काढायचे होते. उजव्या हातात दौतीत बुडवलेला टाक तसाच राहिला आणि शाई थेंबाथेंबाने माझ्या टोपीवर पडत राहिली.

साहेबांचा चेहरा पांढरा पडला, मग लाल. त्यांनी शाळेत माणूस पाठवून रमेशला आणवला. पट्टा त्याच्या दप्तरातच होता. साहेबांनी तो ओढून घेतला आणि आमच्या सगळ्यांसमोर, आवारात, हात उगारला. आणि तेव्हा एक गोष्ट घडली. रमेशला कुणी काही सांगितलं नाही, तरी तो आपणहून वळला, भिंतीला दोन्ही तळवे टेकले आणि सदरा मानेपर्यंत वर ओढून उभा राहिला. सवयीने. त्याच्या पाठीवर आमच्या पोरांच्या पाठीवर होते तसेच वळ होते, पण जुने, एकावर एक, शेत नांगरल्यासारखे. दोन फटके पडले. फटके असे की चामड्याच्या आवाजाने कबुतरं उडाली. पोरगं ओरडलं नाही.

तिसऱ्या फटक्याला सगुणाबाईने पट्टा हवेत धरला. तो तिच्या तळहातावर बसला. रक्त आलं, पण तिने सोडला नाही. "साहेब, पट्टा आमच्या रेच्याचा हाये. आमाले द्या. याले मारून काय होते? हे शाळेतून नाई शिकलं, घरून शिकून आलं." साहेब ओढत राहिले, ती धरून राहिली, आणि मागे चाळीस बायका हात वर करूनच उभ्या होत्या. शेवटी साहेबांनी पट्टा सोडला आणि केबिनमध्ये जाऊन दार लावून घेतलं. ती रमेशजवळ गेली, त्याचा सदरा हलकेच खाली ओढला आणि म्हणाली, "पोट्ट्या, कुठी दुखते?" त्या वेळी तो रडला. लहान पोरासारखा, नाक वाहेस्तोवर.

त्यानंतर सरकीच्या ढिगामागे कुणी मार खाल्ला नाही. रमेशला साहेबांनी मामाकडे शिकायला पाठवलं. हंगाम संपल्यावर सगुणाबाईला पुन्हा कामावर घेतलं नाही, आणि मला मालक शेठजींच्या अमरावतीच्या जिनिंगवर पाठवलं, जिथे कोठी नव्हती आणि खुर्चीला एक पाय कमी होता. पट्ट्याचं तिने काय केलं? दोन तुकडे करून आपल्या दाराला बिजागरी म्हणून ठोकले. मी निरोप घ्यायला गेलो तेव्हा ते दार उघडून दाखवत म्हणाली, "पाहा, काईच आवाज नाई येत. तेल तुमीच लावलं होतं न."

पुढे सात-आठ वर्षांनी सुखदेव अमरावतीच्या जिल्हा कचेरीत लागला, माझ्यासारखाच कारकून, आणि आईला घेऊन बडनेऱ्याच्या रस्त्याकडल्या वस्तीत राहायला आला. मधू तेव्हा कॉलेजात होता. रविवार सुखदेवकडेच काढायचा. मी मात्र टाळत होतो. कधीमधी गेलो की हवापाणी, संत्र्याचा भाव, सरकारी भत्ता असलं काहीतरी बोलून उठायचो. एक वाक्य होतं जे मी त्या पोराला कधी म्हटलं नव्हतं. दवाखान्यात नाही, नंतरही नाही. दरवेळी तोंडाशी यायचं आणि मी चहा मागायचो.

मग मधूने निरोप आणला की सगुणाबाईचं काही खरं नाही. छातीत कापूस बसला होता; वीस वर्षं गिळलेला. मी गेलो. दाराच्या बिजागऱ्या त्याच, चामड्याच्या. अकोल्याहून काढून आणलेल्या. आत भिंतीवर बुद्धाचं कॅलेंडर, त्याखाली खाटेवर ती, मूठभर झालेली. आवाज पार गेला होता. खाटेजवळ सतरंजीवर सुखदेव तिला वारा घालत बसलेला. मी त्याच्या शेजारी बसलो आणि ठरवलं, आज नाही तर कधीच नाही. खाटेच्या पायाकडे बघत, हळू आवाजात, मी सगळं सांगितलं. दोन थपडा, पानवाल्याची शाबासकी, छाती रुंद झाल्याचं, 'पडला' म्हटल्याचं. शेवटी म्हणालो, "सुखदेव, माझं चुकलं. मला माफ कर." पाच-सात मिनिटं बोललो असेन. डोळे भरून आले होते.

सुखदेव वारा घालत राहिला. हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, बरोबर आहे, कुणी का माफ करावं? मी मान वर केली तर सगुणाबाई माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होती. सगळं वाचून झालं होतं तिचं. तिने दोन बोटांनी मला जवळ बोलावलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात बोलली.

"बाबूजी, त्या कानात कावून सांगून राहिले? तो तं तुमीच बंद केला. इकडून येऊन बसा, अन् पयल्यापासून सांगा. या डाव तोंड उघडून."